चेहरा आलेला एकच फोटो

माह्या मोबाईलमंदी फोटो लई आहेत, पन मी कशातच नाई. हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं. फोटोवाल्या काकानं विचारलं तवा आलं.

त्यायचं दुकान बालाघाटले बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. नागपूरचे फोटो घेऊन गेलती मी, त्यातला एक निवडून मोठा करून घ्याचा होता. काका म्हातारे, चष्मा कपाळावर चढवलेला, मोबाईल पाहाचा असन तवा खाली उतरवतात. एकेक फोटो सरकवत गेले अन् एका फोटोवर थांबले.

"बेटा, इसमें तुम कहाँ हो?"

"हे का," मीनं बोट ठेवलं.

त्यायनं दोन बोटानं फोटो मोठा केला, अजून मोठा केला, अजून केला, तं एक काळी उभी रेघ दिसली अन् तिले चिकटून एक लहान रेघ. लहान रेघ म्हनजे माही लेक. ना तोंड, ना डोळे. मागं दीक्षाभूमीचा गुंबज मात्र पूरा, पांढरा झक्क, वरच्या टोकापासून पायरीपर्यंत कुठीच कटला नाई.

"ये तो चींटी है," काका म्हनले.

मी हासली. हासता हासता दम लागला अन् स्टुलावर बसली.

दमाचं आधीच सांगून टाकतो. लहानपनी मले ताप आलता, गळा दुखे, गुडघे सुजलते, मंग आपोआप बसलं सारं. तवाच हृदयाची झडप खराब झाली म्हनतात, पन ते कोनाले ठाऊक. शाळेत नववीपर्यंत गेली, तेही हिंदीत, पायऱ्या चढतांनी बसून जाओ तं पोरी म्हनत, हे आळशी आहे. लेक पोटात होती तवा दम लागे तं सारे म्हनत, पोट आहे तं लागनच. आता लेक तीन वर्साची झाली अन् दम काई गेला नाई, उलटा वाढला, भांडे घासतांनी बी लागते. मंग नागपूरले दाखवलं. डॉक्टर म्हनले छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. मीनं विचारलं, "सर, मी वाचीन ना?" तं कागदावर लिहितांनीच म्हनले, "रिस्क तर सगळ्याच ऑपरेशनमध्ये असते." वर बी नाई पाह्यलं.

त्या दिवसापासून माह्या डोक्यात एकच गोष्ट आहे. मी नाई राह्यली तं लेकीले माहं तोंड ठाऊक असलं पायजे. बस, एवढंच. तिच्यासाठी एक फोटो पायजे.

कोनी म्हनन, लग्नाचा अल्बम असन ना. आहे. पन पार्लरवालीनं मले अशी पांढरी फट्ट केलती की लेकीले दाखवला तं म्हने, "मम्मी, हे कोन मावशी?" अन् आधार कार्डावर तं मी चोरी करतांनी सापडल्यावानी दिसतो. मोबाईलचा समोरचा कॅमेरा लेकीनं आपटला तवापासून त्याच्यात धूर दिसते. अन् बाकीचे सारे फोटो मीनंच काढलेले. लेकीचे, सासूचे, ह्यायचे. जो फोटो काढते तो फोटोत नसते, एवढी साधी गोष्ट, पन मले चोवीस वर्साची होऊन समजली.

हे म्हनजे माहे घरवाले. भरवेलीच्या खदानीत ठेकेदाराकडं कामाले आहेत. नागपूरचा तो मुंगीवाला फोटो ह्यायनंच काढलता. दवाखान्यातून निघालो तवा हेच म्हनले, चाल, आलोच आहो तं दीक्षाभूमीले जाऊ. तिथं मी लेकीले घेऊन उभी राह्यली अन् हे मागं मागं जाऊन राह्यले. मी म्हनलं, "अहो, किती मागं जाता? गेटच्या बाहीर निघान."

"गुंबज पूरा नाई येऊन राह्यला."

"नाई आला तं नाई आला."

"वा! गुंबज कटला तं मंग इथं आल्याचा मतलब का? लोक म्हनतीन अर्धाच पाहून आले."

आमच्यात सारे असाच फोटो काढतात. माह्या माहेरी बी असाच आहे, सासरी बी असाच, शेजारी बी. गुंबज पूरा अन् खाली मानसं ओळीनं, हात सरळ, जनगनमन चालू असल्यावानी. दरवर्सी कोनी ना कोनी जाते अन् असाच फोटो घेऊन येते अन् सारे म्हनतात, छान आला. कोनाचं तोंड दिसते का नाई, हे कोनी पाहात नाई. मीबी कधी पाह्यलं नव्हतं.

काकानं पाह्यलं. मले म्हनले, "गुंबद तो वहीं रहेगा बेटा. तुमको नजदीक आना था." गुंबज थोडासा दिसला तरी समजते कुठचा आहे. अन् मागं एवढं पांढरं असलं की मोबाईल त्या पांढऱ्यालेच पाह्यते, समोरचं मानूस त्याले काळंच दिसते. मी म्हनलं, आमचे सासरे सांगत, सूर्य फोटो काढनाऱ्याच्या पाठीमागं पायजे. काका म्हनले, जुन्या रीलच्या कॅमेऱ्याची गोष्ट आहे ते. तसं केलं की समोरच्याच्या डोळ्यात ऊन जाते अन् तो मिरची लागल्यावानी पाह्यते. भर दुपारचं ऊन तं नकोच, डोळ्याच्या खाली खड्डे पडतात. सकाळचं घ्या, नाई तं सावलीत बसा अन् जिकडं आभाळ उघडं आहे तिकडं तोंड करा.

मले समजलं नाई तं त्यायनं स्टूलच फिरवला, मी बसलेली असतांनी. माहं तोंड दुकानाच्या दाराकडं केलं. मंग भिंतीवरचा आरसा, ज्याच्यात लोक भांग पाडतात, तो काढून माह्या समोर धरला.

"अब देखो."

मीनं पाह्यलं. दोन्ही डोळ्यात एकेक पांढरा ठिपका होता, दाराचा. गाल गाल दिसून राह्यले होते. मी आजारी आहो असं वाटतच नव्हतं. मले माहंच तोंड आवडलं अन् मले रडू आलं, काकाले वाटलं दम लागला, त्यायनं पानी देल्लं.

मंग म्हनले, बैठी हो तो फोटो मैं ही निकाल देता हूँ, पाच मिनिट लागतीन.

मीनं हात जोडले. "नको काका."

कसं सांगू त्यायले. आमच्या घरी एकट्या मानसाचा फोटो दुकानात जाऊन कोनी काढत नाई. फारम भराचा असन तं छोटा काढतात, नाई तं मेल्यावर मोठा करतात. ऑपरेशनची तारीख घेतलेल्या सुनेनं दुकानात बसून मोठा फोटो काढला तं सासू म्हनन, हिनं तं तयारी करून ठेवली. हे तं काहीच म्हनत नाई, पन जेवन सोडून देतीन. म्हनून मले फिराले गेल्याचाच फोटो पायजे होता. फिराले गेलो, हासलो, काढला, असा. कोनाले शक न येता.

घरी आली अन् दोन दिवसांनी मीनं विषय काढला, की गांगुलपाराले जाऊ, झऱ्याले पानी आहे अजून, लेकीनं पाह्यलं नाई. सासू दारात बसून तांदूळ निवडत होती.

"दोन पायऱ्या चढली तं म्हशीवानी धापते, अन् झरा पाहाले चालली महारानी."

"आई, गाडीवरच तं जाचं आहे."

"फोटोचा शौक लागला वं तुले. दिवसभर त्या डबड्यात बोटं. लई हिरोईन लागून गेली."

मंग तीच म्हनली, जरा हळू, "स्वेटर घालजो. सकाळी थंडी राह्यते." सासू अशीच आहे.

ह्यायले शिकवाचं काम लई कठीन. आठ दिवस शिकवलं मीनं. अंगनात लेकीले उभं करो अन् म्हनो, आता काढा. हे उभ्यानंच काढत, तं लेकीचं डोक्स मोठं अन् पाय काडीवानी येत. काकानं सांगतलतं, लेकराचा काढाचा तं लेकराएवढं व्हा. मी म्हनलं, "खाली बसा ना."

"मी काय उकिडवा बसू? लोक पाहून राह्यले."

"कोन लोक? कोंबडी आहे तिथं."

बसले मंग. पन बोटानं चिमटा करून फोटो जवळ ओढत, अन् तो फाटल्यावानी दिसे. मीनं सांगतलं, मोबाईलनं जवळ ओढू नका, तुमी सोता दोन पावलं पुढं या. आधी काच पुसा, तेलाचे हात राह्यतात. कोपर पोटाले लावा, दम रोखा, मंग दाबा.

"दम रोखाचं तुले जास्त येते," हे हासत म्हनले. मंग लगेच खाली पाहून काच पुसाले लागले. मीबी हासली, त्यायले वाईट वाटू नये म्हनून.

एक गोष्ट मात्र ह्यायच्या डोक्यात शिरतच नव्हती. फोटोत मानूस एकदम मधात पायजे, असं ह्यायले वाटे, खंब्यावानी. मी म्हने, थोडं बाजूले घ्या, जिकडं मी पाहून राह्यली तिकडं जागा सोडा, नाई तं भिंतीले नाक लावल्यावानी दिसते. हे म्हनत, "तिकडं तं खालीच आहे, कोनीच नाई, त्याचा फोटो काहून काढू?" हे काकाले विचाराचं राह्यलं.

गांगुलपाराले आमी सकाळी सकाळीच गेलो. मी मागं, मधात लेक, हे गाडीवर समोर. गाडी उभी केली तिथून झऱ्यापर्यंत थोडं चालाचं आहे, दगडाची वाट. बाकी लोक टना टना उड्या मारत चाललते. मी दहा पावलं चालो अन् थांबो. लेक हात ओढे, चाल ना मम्मी, चाल ना. माह्या छातीत कोनी तरी दार ठोकून राह्यलं असं वाटे. मले भेव वाटलं की इथंच काही झालं तं हे लेकीले धरतीन का मले.

झऱ्यापाशी पोचलो तं ह्यायनं पह्यले तेच केलं. "झरा पूरा आला पायजे," अन् लागले मागं जाले. मी एवढी थकलती की भांडाचीही ताकद नव्हती. वाटेच्या बाजूले एक झाड होतं, त्याच्या खाली दगड होता, मी त्याच्यावर बसून गेली. झऱ्याकडं पाठ, समोर सारं उघडं आभाळ. मुद्दाम नाई बसली. दम लागला म्हनून बसली.

लेक खाली गोटे वेचत होती. ह्यायनं मागं वळून पाह्यलं अन् झरा सोडून माह्याकडं आले. घाबरले होते. "का झालं? दुखून राह्यलं का?" मी मान हलवली, नाई. अन् त्यायच्याकडं पाहून हासली, सांगाले की बरी आहो. तेवढ्यात ह्यायच्या हातात मोबाईल होताच, ह्यायनं काढला. पुसला नाई, काई नाई, असाच काढला.

तो फोटो आला.

आमी दोघं तिथंच बसून पाह्यला. झरा दिसतच नव्हता, मागं फक्त हिरवं अन् एक पांढरा पट्टा. मी थोडीशी बाजूले. दोन्ही डोळ्यात आभाळ. कपाळावर घामानं केस चिकटले होते, स्वेटरची वरची बटन उघडी होती, अन् मी अशी पाहून राह्यलती जशी घरात पाह्यतो, कोनी कामावरून आलं की. मी तोच फोटो शोधत होती. लेक धावत आली, तिनं पाह्यला अन् म्हनली, "मम्मी!" मावशी नाई म्हनली. मम्मी म्हनली.

मी ह्यायले म्हनलं, "पाहा, कसा काढला तुमी! काकाले दाखवतो." ह्यायनं मोबाईल खिशात ठेवला अन् म्हनले, चाल, ऊन चढते. मले वाटलं कामाची पाळी आहे म्हनून घाई असन. येतांनी गाडीवर मी खुश होती. लई दिवसांनी.

तीन दिवस मोबाईल ह्यायनंच कामावर नेला, चौथ्या दिवशी मिळाला तं काकाकडं गेली. मोबाईल त्यायच्या हाती देल्ला, म्हनलं पाहा आता, चींटी नाई. त्यायनं सरकवलं. झऱ्याचे फोटो, गोट्याचे, लेकीचे. तो नव्हता. मीनं घेऊन पाह्यलं, वरून खाली, खालून वर. नव्हता. काकानं जिथं पुसलेले फोटो पडतात ते बी उघडून पाह्यलं. म्हनले, "यहाँ से भी निकाल दिया किसी ने, बेटा. जान-बूझ के."

घरापर्यंत कशी आली मले याद नाई.

हे अंगनात बसून कामाचे बूट झटकत होते, लाल माती पडत होती. मी उभीच राह्यली.

"फोटो कुठी आहे?"

"कोनता?"

"तुमाले ठाऊक आहे कोनता."

बूट आपटत राह्यले. मंग म्हनले, "चांगला नव्हता आला."

"चांगला नव्हता? तोच तं एक चांगला होता! आजपर्यंत एवढ्यात तोच एक!"

"हौ," हे म्हनले. "म्हनूनच."

मले समजलं नाई. मंग ह्यायनं बुटानं घरात दाखवलं, बैठकीच्या भिंतीकडं. तिथं सासऱ्याचा फोटो आहे, हार घातलेला. सासरे गेले तवा ह्यायनंच तो बनवून आनलता, कोनाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून काकाकडूनच कापून घेतलता, कारन एकट्याचा, तोंड नीट दिसन असा, दुसरा नव्हताच घरात. तीन दिवस शोधला होता ह्यायनं, सारे अल्बम, सारे नातेवाईक.

"मीनं तो फोटो पाह्यला," हे म्हनले, "अन् मले पह्यले काय वाटलं सांगू? मले वाटलं, आता फोटो शोधावा नाई लागनार."

एवढं बोलून रडाले लागले. खदानीत काम करनारा मानूस, अंगनात, बूट हातात धरून. सासू बाहीर आली अन् पाहून परत आत गेली, तिनं पह्यल्यांदाच काही टोमना मारला नाई.

मी म्हनलं, "लेकीसाठी पायजे होता मले."

"तू वापस ये, मंग काढू. तुमा दोघी मायलेकीचा. रोज काढीन."

"अन् नाई आली तं?"

ह्यायनं बूट घातले अन् कामावर गेले. तास राह्यला होता पाळीले, तरी गेले.

मले ह्यायचा राग येत नाई. येवो म्हटलं तरी येत नाई. कोनीही काढून देल्ला असता मले दुसरा फोटो, शेजारीन, काका, कोनीही, एक मिनिटाचं काम आहे अन् आता मले येते सारं, उजेड कुठून घ्याचा, कुठी बसाचं. पन ह्यायनं जे सांगतलं ते आता मलेही दिसते. कोनी मोबाईल माह्याकडं धरला की मी सावलीत सरकतो, तोंड आभाळाकडं करतो, अन् लगेच मले माह्या गळ्यात हार दिसते. अन् तोंड असं होऊन जाते की तसा फोटो लेकीले ठेवू नये.

एकदा सोताच पाह्यलं काढून. दारात बसली, लेकीले मांडीवर घेतलं, अन् मागच्या कॅमेऱ्यानं हात लांब करून अंदाजानं दाबलं. सात-आठ वेळा. लेक सुंदर आली. माहा एकात कान आला, एकात हनुवटी, एकात नुसता हात, तिले धरलेला. हात लांब धरून दम लागला तं सोडून देल्लं.

परवा आमाले नागपूरले निघाचं आहे. पिशवी भरली आहे, सासूनं चिवडा बांधून देल्ला आहे, फाईल वर ठेवली आहे. लेक सासूजवळ राहीन, तिले सांगतलं आहे मम्मी दवाखान्यातून सुई टोचून येते.

आता मी फोटोचं काही करत नाई. सकाळी ऊन आलं की लेकीले दारात घेऊन बसतो, तोंडासमोर तोंड, अन् म्हनतो, पाह माह्याकडं, नीट पाह. ते पाह्यते, थोडा वेळ. नाकाले हात लावते. मंग शेजारच्या बकरीचं पिल्लू दिसते अन् तिकडं पळून जाते. मी तिची गोष्ट सोडून सोताचीच याद करून पाह्यतो, की मी तीन वर्साची होती तवा माह्या मायचं तोंड कसं होतं. लई जोर लावतो. काहीच दिसत नाई. त्या वेळची मले फक्त एक लाल बालटी याद आहे.